तुझा फॉर्म मी भरला होता

सुजा,

रविवारी विहारात मी पुन्हा खोटं बोलले.

तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. डिंडोलीचा तो हॉल पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी भरला होता आणि दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. वंदना झाली, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. ज्यांनी तुला जन्मात पाहिलं नाही, तेही बोलले. अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठाच्या प्रमुखपदी बसलेली पहिली बाई आणि बमरोलीच्या लूम कामगारांच्या खोल्यांतून तिकडे गेलेली पहिली मुलगी, हे प्रत्येकाने आपापल्या परीने सांगितलं. एका काकांनी तर तुला अमेरिकेची राष्ट्रपतीच करून टाकलं. तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस आणि मला कोपर मारलं असतंस. शेजारी कोपर मारायला कुणी नव्हतं.

मग सूत्रसंचालक म्हणाले, आता ज्यांनी सुजाताताईंना आईच्या मायेने वाढवलं त्या कमलताई बोलतील. मी उठले आणि सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट सांगितली. तुझ्या बारावीनंतर मेडिकलचा फॉर्म आला. जुनी जात लिहिली असती तर सवलतीत जागा मिळाली असती. तेव्हा बौद्ध लिहिलं की आपल्याकडे ती सवलत जायची. बाबांनी दीक्षा घेतलेली. त्यांनी धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहायला लावलं, जातीचा रकाना कोरा ठेवायला लावला, आणि लेकीची डॉक्टरकी गेली तरी शब्द सोडला नाही. बायकांनी डोळे पुसले. मागच्या भिंतीवर बाबांचा आणि तुझा फोटो असलेला फ्लेक्स होता, त्यावर तुझंच वाक्य छापलेलं: माझ्या वडिलांनी एका शब्दासाठी किंमत मोजली, ती माझ्या वाट्याला आली आणि मला तिचा अभिमान आहे.

खोटं आहे ते सगळं. आणि मला रविवारी उभं राहताना आणखी एक गोष्ट कळलेली होती, जी त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हती. ते खोटं आहे हे तुलाही माहीत होतं. पण ते नंतर सांगते. तुला आधी माझ्या तोंडून ऐकायला हवं होतं ते सांगते.

बमरोलीची खोली तुला आठवत असेलच. बाबा कापडाच्या लूमवर कामाला, आई तू सहा वर्षांची असतानाच गेलेली, आणि मी तुझ्याहून सात वर्षांनी मोठी. घरी आपण जरीचं काम करायचो. तार फिरक्यांवर गुंडाळायची, भरलेल्या फिरक्या पेटीत लावायच्या. तू अभ्यास करता करता हात चालवायचीस. तुझ्या बोटांना लागलेली चमक वह्यांना लागायची. गणिताच्या बाई एकदा म्हणाल्या होत्या, ही मुलगी सोन्याने गणितं सोडवते. तू ते घरी येऊन बाबांना तीनदा सांगितलंस आणि बाबांनी तीनही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं केलं.

माझं अक्षर चांगलं होतं आणि गुजराती लिहिता यायचं, म्हणून आपल्या खोल्यांच्या सगळ्या लाइनीचे कागद माझ्याकडे यायचे. रेशनकार्ड, शाळेचे दाखले, गिरणीचे अर्ज. लोक कोऱ्या फॉर्मवर आधी सही किंवा अंगठा करून ठेवायचे आणि म्हणायचे, भर बाई तुझ्या हिशेबानं. कुणाला वाचून बघायची गरज वाटायची नाही. कमल लिहील ते खरं, असा माझा तोरा होता.

मी स्वतः पीटीसीचा फॉर्म भरला, मास्तरीण व्हायचा, तेव्हा मी जुनं लिहिलं होतं. बाबांना न विचारता. मला नोकरी हवी होती, एवढंच. बाबांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याशी बोलायचेच बंद झाले. एक वर्ष. दहा बाय दहाच्या खोलीत तिघं जण आणि त्यातल्या दोघांचं बोलणं बंद. मी वाढलेलं ताट ते तुझ्या हातून घ्यायचे. तू अकरा-बारा वर्षांची, आमच्या मधे निरोप घेऊन धावायचीस. "ताई, बाबा विचारतात, पाणी भरलं का." आणि मी दोन हातांवर असूनही तुला सांगायचे, "बाबांना सांग, भरलं." तू निरोपामागे एक लिंबाची गोळी घ्यायचीस. कधी कधी नसलेले निरोपही आणायचीस. "ताई, बाबा म्हणतात, भाजी चांगली झाली." मला माहीत असायचं की बाबा असं काही म्हणालेले नाहीत, तरी मी तुला गोळी द्यायचे. त्या वर्षी मी त्या खोट्या निरोपांवर जगले हे मी तुला कधी सांगितलं नाही.

वर्षाने बाबा बोलले. पीटीसी झालं, नगरपालिकेच्या मराठी शाळेत लागले, घरात पगार यायला लागला. पण त्या वर्षाबद्दल त्यांनी कधी काही म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. आपल्या घरात विचारायची पद्धतच नव्हती.

आणि मग तुझा मेडिकलचा फॉर्म आला.

तू लाइनीतल्या सगळ्यांसारखीच खाली सही करून फॉर्म माझ्यापुढे टाकलास आणि शाळेत निकालपत्र आणायला गेलीस. मी जरीच्या फिरक्या भरत बसले होते. बाबा पाळी संपवून आले. त्याआधी दोन दिवस ते घरी आले नव्हते, मला वाटलं होतं लागोपाठ पाळ्या करत असतील. ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि डब्याच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. गावाहून आणलेला दाखला होता, तुझ्या नावाचा, जातीचा. त्यासाठी ते खान्देशात जाऊन आले होते, ज्या गावात ते दीक्षेनंतर पाय ठेवत नव्हते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दाखला लई ऊनू मी. सुजाना कागदवर ते जुनं लिखी टाक." तो शब्द त्यांच्या तोंडून तेव्हाही निघाला नाही. नुसतं 'ते जुनं' म्हणाले. उठताना म्हणाले, "कोनले सांगू नको."

सुजा, मला त्या क्षणी काय झालं ते मी चाळीस वर्षं वेगवेगळ्या शब्दांत स्वतःला समजावून पाहिलं आहे. तत्त्व, बाबांची आब, समाजात त्यांचं नाव. सगळी कारणं नंतर सुचलेली. खरं एवढंच आहे की मला संताप आला. ज्या गोष्टीसाठी मी एक वर्ष त्यांच्या तोंडाकडे बघत काढलं, ती ते तुझ्यासाठी दाखला आणून, मान खाली घालून, स्वतः देत होते. माझ्यासाठी मोडला नव्हता तो नियम तुझ्यासाठी मोडला. मी तुझ्यावर जळले. मी तुझे केस विंचरून तुला शाळेत सोडायचे, तुझी फी भरायचे, तुझा ताप उतरेपर्यंत जागायचे, आणि त्याच मी तुझ्यावर जळले.

धर्माच्या रकान्यात मी ठळक, सुंदर अक्षरात बौद्ध लिहिलं. जातीचा रकाना कोरा सोडला. दाखला माझ्या पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः कॉलेजच्या रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या क्लार्कने फॉर्म वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बेन, जातिनुं खानुं खाली छे. लखवुं छे?" रकाना कोरा राहिलाय, लिहायचंय का, असं विचारत होता; भला माणूस होता. त्याने पेनसुद्धा पुढे केलं. माझा हात पर्सवर होता. मागे रांग खोळंबली होती. मी म्हटलं, "ना भाई, बराबर छे." त्याने शिक्का मारला.

यादी लागली तेव्हा तुझं नाव नव्हतं. तू चौकशी करून आलीस. मी चुलीपुढे भाकरी थापत होते. बाबा भिंतीला टेकून बसलेले. तू दारातूनच विचारलंस, "बाबा, बौद्ध तुम्ही लिहायला लावलंत?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, भाकरी उलटेपर्यंत. मग तुझ्याकडे बघून म्हणाले, "हां. मीच सांगं."

मी भाकरी तव्यावरून काढली आणि दुसरी थापायला घेतली. एवढंच केलं मी. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गुन्हा कोणता असं कुणी विचारलं, तर तो फॉर्म भरणं नव्हे. ती दुसरी भाकरी थापणं.

तू त्या दिवसापासून बाबांशी बोलली नाहीस. आता निरोप मी नेत होते. "बाबा, सुजा म्हणते तिला रसायनशास्त्र घ्यायचंय." "सुजा, बाबा म्हणतात, घे." मीही खोटे निरोप आणायला शिकले. पण तू गोळीवर भागणारी नव्हतीस. तू बी.एस्सी. केलीस, एम.एस्सी. केलीस, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलच्या प्रयोगशाळेत कपड्यांच्या रंगांचं काम करता करता तिकडच्या विद्यापीठांना स्वतः पत्रं लिहिलीस. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा माझ्या गळ्यात पडलीस. बाबांच्या पाया पडलीस, पण बोलली नाहीस. बाबा तुझ्या डोक्यावर हात ठेवून तसाच धरून राहिले. तू मान सोडवून घेतलीस.

तू तिकडे गेल्यावर तीन वर्षांनी बाबा गेले. छाती गेली होती, लूमवाल्यांची जाते तशीच. शेवटच्या महिन्यात ते हट्टाने पोस्टात जाऊन आले, मला सोबत येऊ दिलं नाही, मी म्हटलं बचतीच्या पुस्तकाचं काहीतरी असेल. तुला मी तार केली. तू आली नाहीस. तुझा प्रबंध होता, भाडं नव्हतं, हे मी लोकांना सांगितलं. खरं कारण मला माहीत होतं, आणि त्या खऱ्या कारणामागचं खरं कारण फक्त मलाच माहीत आहे असं मला वाटत होतं.

पुढच्या हिवाळ्यात तू आलीस. बाबांच्या फोटोपुढे बसलीस आणि एवढी रडलीस की शेजारच्या बायका धावत आल्या. मला वाटलं, पश्चात्ताप झाला असेल. रडणं थांबल्यावर तू माझ्याकडे बघितलंस, खूप वेळ. म्हणालीस, "ताई, तू इथे एकटी राहू शकशील ना?" मी म्हटलं, मला काय धाड भरली आहे. तू हसलीस. त्या बघण्याचा अर्थ मला शनिवारपर्यंत कळला नाही.

त्याच वेळी बँकेत गेलो होतो. मी सवयीने तुझा फॉर्म ओढला आणि तू तो माझ्या हातातून काढून घेतलास. सौम्यपणे, पण काढून घेतलास. "माझा मी भरते ताई." मी रुसले. एवढी शिकलीस की आता माझं अक्षरसुद्धा चालत नाही, असं म्हणाले. तू मान खाली घालून लिहीत राहिलीस.

मग तू मोठी होत गेलीस. प्राध्यापक, विभागप्रमुख, डीन, आणि शेवटी ती सगळ्यात वरची खुर्ची. तुझं लग्न झालं, मोडलं, तुझी लेक मैत्री जन्मली, आणि तिला तू एकटीने वाढवलंस. फोनवर तू मला तिकडची भांडणं सांगायचीस. तुमच्या विद्यापीठाच्या प्रवेश अर्जात एक रकाना होता: तुमचे आईवडील इथेच शिकले होते का? हो लिहिणाऱ्याला आत येणं सोपं जायचं. तुला तो काढायचा होता. देणगी देणारे चिडले, जुने विद्यार्थी चिडले, तुझ्या खुर्चीवर आलं. "चार वर्षं लागली ताई, एक रकाना काढायला," तू म्हणालीस. मी म्हटलं, "एका रकान्यात काय एवढं गं?"

तू एकदम मैत्रीच्या परीक्षेचं सांगायला लागलीस.

प्रवेशाच्या दिवसांत तू स्वतः हॉलमध्ये टेबल टाकून बसायचीस. हमालांची, सफाईवाल्यांची, शेतावर मजुरी करणाऱ्यांची मुलं यायची, ज्यांच्या घरात कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. तू कुणाचाच अर्ज भरून द्यायची नाहीस. शेजारी बसायचीस, प्रत्येक ओळ त्यांच्याकडून वाचून घ्यायचीस, आणि सांगायचीस, कोऱ्या कागदावर कधी सही करू नकोस, मग समोर तुझी सख्खी बहीण असली तरी. मैत्रीने मला हे एकदा कौतुकाने सांगितलं. विद्यापीठात ते वाक्य म्हणे सगळ्यांच्या तोंडी झालंय. मी हसले. मला वाटलं, बोलायची पद्धत. मास्तरीण असून मला एवढं साधं वाक्य समजलं नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं.

आणि खुर्चीवर बसलीस त्या दिवशी तू ते भाषण केलंस. बाबांचा शब्द, बाबांची किंमत, तुझा अभिमान. डिंडोलीच्या प्रत्येक फोनवर ते फिरलं. लोक माझ्या घरी पेढे घेऊन आले. ज्या माणसाशी तू तो मरेपर्यंत बोलली नाहीस, त्याला तू सगळ्या जगापुढे एवढं मोठं केलंस. मी तुझ्यावर आणखी एकदा रागावले, सुजा. मला वाटलं, तू खोटं सांगते आहेस हे तुला कळत नाही आणि मला ते आता कधीच दुरुस्त करता येणार नाही. पेढे मात्र मी घेतले.

आपला शेवटचा फोन त्याआधीच्या एका रविवारी सकाळी झाला, व्हिडिओवर. तू हॉस्पिटलमध्ये होतीस. डोक्याला रुमाल, गालफडं वर आलेली, पण डोळे तेच. मी नेहमीसारखी बडबडत होते, समोरच्या गल्लीत आता बायका साड्यांचे धागे कापायचं काम करतात, आमच्या शाळेत मराठीचा एकच वर्ग उरलाय, पोरं आपसात हिंदीच बोलतात. तू मधेच म्हणालीस, "ताई, एक विचारू? त्या फॉर्मच्या वेळी बाबा तुला नेमकं काय म्हणाले होते?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंस. तुझा आवाज अगदी साधा होता, मीठ कुठे आहे असं विचारावं तसा. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. दाखला अजून माझ्या ट्रंकेत आहे, तो कॅमेऱ्यापुढे धरायचा होता.

मी म्हटलं, "बाबा म्हणाले, बौद्ध लिही. ताठ मानेनं लिही."

ताठ मानेनं, हे मी वरून घातलं. तू म्हणालीस, "बरं." मग म्हणालीस, "ताई, तू जेवलीस का?" मी हो म्हटलं. तेही खोटंच होतं, आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं. त्यानंतर अकराव्या दिवशी तू गेल्याचा मैत्रीचा फोन आला.

शनिवारी तिने मला मोबाइलवर एक फोटो पाठवला. तुझ्या ऑफिसच्या टेबलाच्या खणात सापडलेलं पत्र. घड्यांवर फाटून फाटून चिकटपट्टीने जोडलेलं. खाली तिचा निरोप होता. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. विद्यापीठात तुझी श्रद्धांजली सभा आहे, तिथे तिला हे पत्र वाचायचंय, आजोबांचं दिसतंय, मावशी, तू मला फोनवर हळूहळू वाचून सांगशील का, मी इंग्रजीत लिहून घेईन.

बाबांचं अक्षर मी बघताक्षणी ओळखलं. पाटीवर शिकलेलं, एकेक अक्षर सुटं.

"सुजा बेटा, तू बोलस नही, तरी लिखस. मी कमलले ते जुनं लिखाले सांगेल व्हतं. दाखला बी आणी दिन्हा व्हता. तिनी लिखं नही. का नही लिखं, ते मी तिले ईचारं नही, माले माहीत शे. तिन्हा टाईमले मी एक साल तिन्हासंगे बोलनू नही. ती चूक मन्ही शे. राग धरना व्हई ते मन्हावर धर. तू बी तिले ईचारू नको. ती आठे एकली शे."

म्हणजे पोस्टात ते यासाठी गेले होते. तारीख बघितली. माझी तार तुला आधी मिळाली असणार आणि हे पत्र मागाहून, बाबा मातीत गेल्यावर. तू ज्याच्याशी बोलली नाहीस तो निर्दोष होता, हे तुला कळलं तेव्हा बोलायला समोर कुणी उरलं नव्हतं. ते माझ्यामुळे. आणि तू त्या हिवाळ्यात येऊन मला विचारलंस, एकटी राहू शकशील ना.

बाबांनी विचारू नको म्हटलं म्हणून तू विचारलं नाहीस. एवढी वर्षं, एवढे फोन. भाषणात बाबांना मोठं केलंस ते मला झाकायला. मी तुला समजले नाही असं नाही म्हणणार. मी तुला समजून घ्यायला घाबरले. आणि शेवटी, बाबांचा शब्द मोडून तू विचारलंस, कारण माझ्या तोंडून ऐकायला तुझ्याकडे आता दिवस उरले नव्हते. त्या 'बरं'मध्ये काय होतं, सुजा? मी ते रोज ऐकते.

हे सगळं शनिवारी कळलं, तरी रविवारी मी विहारात उभी राहून तीच गोष्ट सांगितली. भरलेला हॉल बघितला, फ्लेक्सवरचे बाबा बघितले आणि जीभ जुन्या वाटेनेच गेली. घरी येऊन ट्रंक उघडली आणि दाखला काढून समोर ठेवला. घडीवर अजून जरीची एक बारीक चमक आहे.

सोमवारी सकाळी मैत्रीचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती, तिच्यामागे तुझं पुस्तकांचं कपाट दिसत होतं. "मावशी, हळू वाच हं. मी लिहून घेते." आपल्या घरात ते पत्र वाचू शकणारी आता मीच उरले होते. मी काहीही वाचलं असतं. बाबांनी आशीर्वाद लिहिलेत, शिक, मोठी हो, असं काहीही. तिने विश्वासाने लिहून घेतलं असतं आणि सभेत वाचलं असतं. कमल लिहील ते खरं.

मी जसं होतं तसं वाचलं. अहिराणी तिला कळत नाही, म्हणून एकेक वाक्य वाचून मराठीत सांगितलं. 'ते जुनं' म्हणजे काय, तेही सांगितलं. क्लार्क सांगितला, पेन पुढे केलं होतं ते सांगितलं. दाखला कॅमेऱ्यापुढे धरला. ती लिहायची थांबली होती.

"आईला हे माहीत होतं?" तिने विचारलं.

"तीस वर्षांहून जास्त."

"आणि तिने तुला कधीच विचारलं नाही?"

इथे थांबता आलं असतं. पोर आधीच रडत होती.

"विचारलं," मी म्हटलं. "शेवटच्या फोनवर."

"मग तू काय सांगितलंस?"

सुजा, मी तिला तेही सांगितलं. ताठ मानेनं, हा शब्दसुद्धा.

तिने फोन ठेवला. आज गुरुवार आहे, तिचा फोन नाही. मी केला तर उचलत नाही. तिची चूक नाही, आणि आपल्या घरात हे नवीनही नाही. एक वर्ष लागेल, कदाचित जास्त. मी वाट बघणार आहे. रोज सकाळी फोन समोर ठेवून बसते.

फक्त या वेळी आमच्या दोघींच्या मधे निरोप घेऊन धावायला तू नाहीस.

तुझी
ताई